पाठांतर घरी, तालीम वर्गात: अर्धा ऑनलाइन डिझाइन कोर्स चालतो तरी कसा?

कॉलेजचं नवं सत्र सुरू झालं की वेळापत्रकाचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. त्यातली एखादी ओळ हल्ली अशी असते: 'इंटरॅक्शन डिझाइन, ४ क्रेडिट. सोमवार, बुधवार ऑनलाइन. शुक्रवार स्टुडिओ. गटप्रकल्प ५० गुण.' आईबाबा ती दोनदा वाचतात. विषयाचं नाव कळत नाही. मुलगी आठवड्यातले दोन दिवस घरून का शिकणार ते कळत नाही. आणि निम्मे गुण इतर तिघांच्या कामाशी बांधलेले का, हे तर अजिबात पटत नाही.

मी असा कोर्स शिकवते. दर जुलैमध्ये हे तीन प्रश्न माझ्याकडे येतात, आणि ते विचारणाऱ्यांचं चुकतंय असं मला कधीच वाटलेलं नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचे वडील रजा टाकून भेटायला आले होते. त्यांना मी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

तांब्या आणि एटीएम

आधी विषय. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. आपल्याकडे पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यांत जास्त भावला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. तांब्या नव्याने घडवायचा झाला तर काय काय विचारावं लागेल, याची एक लांबलचक यादीच त्यांनी दिली आहे. पाणी किती मावावं? भरल्यावर पेलेल का? डोक्यावर, कमरेवर, हातात कसा तोलला जाईल? ओतताना धार कशी पडेल? आतून-बाहेरून घासता येईल का? याच अहवालाच्या पाठबळावर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत आयडीसी, म्हणजे औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झालं.

डिझाइन म्हणजे रंगरंगोटी हा समज मनातून काढायला एवढा तांब्या पुरतो. वस्तू वापरणाऱ्या माणसाचा हात, डोळा, सवय, घाई आणि अडचण ओळखून ती घडवणं, हे डिझाइन.

आता एक पाऊल पुढे जाऊ. तांब्या आपल्याशी बोलत नाही. एटीएम बोलतं. तुम्ही बटण दाबता, ते काही विचारतं, तुम्ही उत्तर देता, ते काहीतरी करून दाखवतं. माणूस आणि यंत्र यांच्यातली ही देवाणघेवाण नीट आखणं म्हणजे इंटरॅक्शन डिझाइन. हे नाव १९८०च्या दशकाच्या मध्याला बिल मॉग्रिज आणि बिल वर्प्लँक या दोन डिझायनरांनी रूढ केलं.

एटीएमचंच बघा. काही जुन्या यंत्रांत आधी पैसे बाहेर यायचे आणि मग कार्ड. माणूस आलेला असतो पैशांसाठी. नोटा हातात पडल्या की त्याच्या मनातलं काम संपतं, तो वळतो आणि कार्ड यंत्रातच राहतं. 'कार्ड घ्यायला विसरू नका' अशी पाटी लावून फारसा उपयोग नव्हता. उपयोग झाला तो क्रम उलटा केल्यावर: आधी कार्ड, मग पैसे. विसरभोळ्या माणसाला दोष न देता त्याच्या विसरभोळेपणाला धरून रचना बदलायची, हा या विषयाचा गाभा आहे.

दुसरं उदाहरण तुमच्या कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीवर आहे. 'चाळीस रुपये प्राप्त झाले' असं मोठ्याने सांगणारा तो छोटा स्पीकर. भाजीवालीचे हात मेथीच्या मातीने भरलेले, एक नजर तराजूवर, दुसरी गिऱ्हाइकावर. फोन काढून मेसेज वाचणं तिला परवडणारं नाही. पैसे जमा झाले की नाही हे तिला कानाने कळतं. यंत्राने 'तुमचं काम झालं' हे कळवण्याला या विषयात प्रतिसाद म्हणतात. हा शब्द पुढे पुन्हा लागेल.

हायब्रिड म्हणजे नक्की किती घरी, किती वर्गात?

हायब्रिड किंवा ब्लेंडेड कोर्स म्हणजे ज्याचा काही भाग ठरवून ऑनलाइन आणि काही भाग ठरवून समोरासमोर शिकवला जातो असा कोर्स. 'ठरवून' हा शब्द महत्त्वाचा. पाऊस पडला म्हणून आज ऑनलाइन घेतलं, हे हायब्रिड नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केलं. प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवू द्यावा आणि उरलेला प्रत्यक्ष वर्गात, असा त्यात प्रस्ताव होता. बऱ्याच महाविद्यालयांच्या वेळापत्रकातली विभागणी या आकड्याच्या आसपास फिरते.

तासांत सांगते, म्हणजे डोळ्यांसमोर येईल. एक क्रेडिट म्हणजे साधारणपणे सत्रभरात १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. आमच्या ४ क्रेडिटपैकी दोन व्याख्यानाची, दोन प्रात्यक्षिकाची. म्हणजे ३० अधिक ६०, एकूण ९० तास. त्याचे ४० टक्के ३६ तास. १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला जेमतेम अडीच तास ऑनलाइन आणि साडेतीन तासांहून थोडं जास्त स्टुडिओत. 'मुलगी दोन दिवस घरीच असते' असं जे दिसतं, ते प्रत्यक्षात एवढंच असतं.

आणखी एक प्रकार लोक यातच मिसळतात. त्याला हायफ्लेक्स म्हणतात. एकाच तासाला काही मुलं वर्गात, काही पडद्यावर, आणि कुठून बसायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या ब्रायन बीटी यांनी २००६च्या सुमारास ही पद्धत उभी केली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ती फार मोलाची आहे. गटाने करायच्या कामात मात्र मी ती टाळते. तिघं टेबलाभोवती कागद कापताहेत आणि चौथा लॅपटॉपच्या पडद्यावर: दहा मिनिटांत तो चौथा प्रेक्षक होतो. टेबलावरची कुजबुज त्याला ऐकू येत नाही, कागदावर फिरणारं बोट दिसत नाही. म्हणून आमचा एक साधा नियम आहे. गटातला एक जरी ऑनलाइन असेल, तर सगळ्यांनी आपापल्या फोनवरून ऑनलाइन यायचं, शेजारी शेजारी बसलेले असले तरी.

काय घरी आणि काय वर्गात, हे ठरतं कसं?

ज्याने कधी एकांकिका केली आहे त्याला हे चटकन कळेल. संवादांचं पाठांतर घरी करायचं असतं. तालमीला येऊन कुणी वही उघडून पाठ करायला बसलं तर दिग्दर्शक भडकतो, आणि बरोबरच करतो. सगळी मंडळी, प्रकाशयोजना सांभाळणारा, संगीताचं बघणारा, एका वेळी एका जागी जमणं हीच सगळ्यांत अवघड गोष्ट असते. तो वेळ एकट्याने होणाऱ्या कामात घालवायचा नसतो. तालमीत तेच करायचं, जे समोर दुसरा माणूस असल्याशिवाय होतच नाही.

आमच्याकडे ऐकणं, वाचणं, साधनं शिकणं हे घरचं पाठांतर. करून बघणं, भांडणं, मोडणं, दाखवणं ही तालीम. ही कल्पना माझी नाही. २००७ मध्ये अमेरिकेत कोलोराडोच्या एका शाळेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आपली व्याख्यानं रेकॉर्ड करायला सुरुवात केली. खेळाच्या सामन्यांमुळे, लांबच्या प्रवासामुळे मुलांचे तास बुडत होते, एवढंच कारण. मग त्यांच्या लक्षात आलं की व्याख्यान जर घरी ऐकता येतं, तर वर्गातला वेळ मुलं जिथे अडतात तिथे वापरावा.

रेकॉर्डिंगबद्दल एक गोष्ट मी सुरुवातीला चुकीची केली. तासाचं व्याख्यान होतं तसंच रेकॉर्ड करून टाकलं. कुणी पूर्ण पाहिलं नाही. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरचे व्हिडिओ सुमारे ६९ लाख वेळा कसे पाहिले गेले याचा अभ्यास झाला. सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ लोक टिकून पाहतात, त्यापुढे लक्ष झपाट्याने गळतं, असं त्यातून दिसलं. तेव्हापासून माझे तुकडे सहा-सात मिनिटांचे असतात, प्रत्येकात एकच मुद्दा, आणि शेवटी एक छोटं काम: 'आज घरातली एक वस्तू शोधा, जी वापरताना आजी चुकते, आणि का चुकते ते दोन ओळींत लिहा.' बुधवारी ऑनलाइन भेटतो तेव्हा याच दोन ओळींवर बोलतो. त्या तासाला मी व्याख्यान देत नाही.

शुक्रवारचा स्टुडिओ पाहायला पालकांनी खरं तर एकदा यावं. कागद, कात्री, डिंक, स्केचपेन. समजा गटाने एसटी स्थानकावर गाडीची माहिती देणारं यंत्र करायचं ठरवलं आहे. त्यांनी आधी एक-एक पडदा कागदावर काढलेला असतो. मग एक विद्यार्थी यंत्र होतो. दुसऱ्या गटातला कुणी प्रवासी म्हणून समोर बसतो आणि कागदावरच्या बटणावर बोट ठेवतो. यंत्र झालेल्याने काही न बोलता तो कागद उचलून पुढचा ठेवायचा. गटातले बाकीचे मागे उभे राहून फक्त लिहून घेतात.

खरी शिकवण या न बोलण्यातच आहे. प्रवासी गोंधळतो, चुकीच्या जागी बोट ठेवतो. ज्याने तो पडदा काढलेला असतो त्याच्या तोंडात येतं, 'अरे, तिथे नाही, खाली बघ ना!' ते त्याने गिळायचं. कारण उद्या स्थानकावर यंत्राशेजारी उभं राहून सांगायला तो नसणार आहे. पहिल्या सत्रात मुलं अस्वस्थ होतात, काहींना राग येतो. आपण केलेलं दुसऱ्याला कळत नाही हे डोळ्यांदेखत पाहणं सोपं नसतं. पण त्यानंतरचा त्यांचा दुसरा नमुना पहिल्यापेक्षा इतका वेगळा असतो की मला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

हे पडद्यावर होऊ शकतं का? होतं, काही प्रमाणात. पण कपाळावरची आठी, हवेत थबकलेलं बोट, 'हं, कळलं' म्हणताना खाली गेलेला आवाज, हे व्हिडिओ कॉलवर निसटतं. शिवाय भिंतीवर टाचलेलं शेजारच्या गटाचं काम जाता-येता दिसत राहतं. कुणी मुद्दाम न शिकवता मुलं त्यातून खूप उचलतात.

चाचणी किती जणांवर घ्यायची, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. याकोब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली मांडलेलं गणित प्रसिद्ध आहे. एका माणसाकडून रचनेतल्या सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. मात्र हे एकसारख्या वापरणाऱ्यांना लागू पडतं. होस्टेलवरचे पाच मित्र म्हणजे एसटीचे प्रवासी नव्हेत. म्हणून आमच्याकडे पाचांपैकी निदान तीन जण कॉलेजबाहेरचे हवेत, आणि त्यात एक तरी साठीच्या पुढचा.

'लॉकडाऊनमध्ये हेच तर झालं होतं ना?'

नाही. २०२० मध्ये जे झालं ती आपत्तीतली सोय होती. मार्च २०२० मध्येच अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञांनी त्यासाठी 'आपत्कालीन दूरस्थ अध्यापन' असा वेगळा शब्द वापरला, तो लोकांनी या सोयीला ऑनलाइन शिक्षण समजू नये म्हणूनच. पुरात शाळेच्या वर्गात राहायची वेळ आली म्हणून कुणी शाळेला घर म्हणत नाही. वर्गातलं वेळापत्रक जसंच्या तसं पडद्यावर ओतलं गेलं, मुलं सहा-सहा तास कॅमेऱ्यासमोर बसली. त्या दिवसांची कटू आठवण पालकांच्या मनात आहे आणि ती खरी आहे. पण कुठला भाग पडद्यावर जावा आणि कुठला जाऊ नये, हे सत्राआधी बसून ठरवलेला कोर्स वेगळा असतो. कॉलेजने ते ठरवलंच नसेल आणि फक्त खोल्या कमी पडतात म्हणून बुधवार ऑनलाइन केला असेल, तर पालकांची शंका योग्य आहे.

गट कशाला? एकेकट्याला का करू देत नाही?

कारण हे काम जगात एकट्याने होत नाही. फोनवरचं साधं तिकीट काढायचं ॲप घ्या. लोकांशी बोलून गरज समजून घेणारा एक, पडदे आखणारा एक, मजकूर लिहिणारा एक, प्रोग्राम लिहिणारे काही, चाचण्या घेणारे काही. प्रत्येकाला अडचण वेगळ्या कोपऱ्यातून दिसते.

माझ्या एका गटाचा अनुभव सांगते. स्थानकावर दोन तास बसून निरीक्षण करायचं होतं. एकाने लिहून आणलं: 'फलकावर माहिती आहे, पण लोक वाचत नाहीत.' दुसरी त्याच फलकासमोर बसली होती. तिने लिहिलं: 'लोक फलक वाचतात आणि तरीही कंडक्टरला विचारतात.' दोघांचं चांगलंच वाजलं. पुन्हा जाऊन पाहिलं तेव्हा तिचं बरोबर निघालं. लोकांना माहिती मिळालेली होती, खात्री मिळालेली नव्हती. फलक चूक असेल, गाडी बदलली असेल, आपण चुकीचं वाचलं असेल. 'हीच का हो सातारा?' या प्रश्नाला 'हो, बसा' असं माणसाचं उत्तर मिळेपर्यंत पाय उचलत नाही. भाजीवालीच्या स्पीकरसारखाच इथेही प्रतिसाद हवा होता. सगळा प्रकल्प त्या भांडणाने वळला. दोघांपैकी कुणी एकटं असतं, तर आपलं पहिलं वाक्य घेऊनच पुढे गेलं असतं.

'पण राबते माझीच मुलगी, गुण सगळ्यांना!'

ही तक्रार मी सगळ्यांत जास्त ऐकते, आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि निष्कर्ष १९१३ मध्ये छापले. आठ जण मिळून ओढत होते तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर तो एकटा ओढतो त्याच्या जवळपास निम्म्यावर आला होता. रस्सीखेचीत आपण सगळ्यांनी हे पाहिलं आहे.

पण निम्मा जोर गेला कुठे? १९७४ मध्ये अमेरिकेत ॲलन इंगम आणि सहकाऱ्यांनी युक्ती केली. डोळे बांधलेल्या माणसाला सांगितलं की तुझ्यामागे आणखी लोक ओढताहेत, प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता. तरी त्याचा जोर कमी झाला. म्हणजे सगळा दोष एकमेकांच्या पायात पाय येण्याचा नव्हता, थोडी ढिलाई मनातूनच आली होती. १९७९ मध्ये बिब लाटाने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावूनही हेच पाहिलं. पुढे १९८१ मध्ये त्याच संशोधकांना आढळलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे असं कळलं, की ढिलाई जवळजवळ नाहीशी होते.

माझ्या दृष्टीने सगळ्या गटप्रकल्पांची किल्ली इथे आहे. मुलं आळशी असतात म्हणून गट बुडत नाहीत. कुणी काय केलं हे दिसत नाही म्हणून बुडतात. दहीहंडीच्या थरात कुणी ढिलाई करत नाही, कारण त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी पाय असतो आणि खांदा हलला तर खालून सगळ्यांना दिसतो.

म्हणून आम्ही दिसण्याची सोय करतो. गट चौघांचा असतो. आठ जणांच्या गटात लपणं फार सोपं असतं. कामं ठरलेली असतात आणि दर चार आठवड्यांनी बदलतात. फिग्मासारख्या, म्हणजे अनेकांना मिळून पडदे आखता येतात अशा ऑनलाइन साधनावर एकाच फलकावर सगळे काम करतात, तिथे बदलांचा इतिहास राहतो. प्रत्येकाची स्वतःची निरीक्षणवही असते. इथे ऑनलाइन भागाची मदतच होते, कारण तिथलं काम खूण ठेवून जातं.

मग गुण. १०० पैकी ५० गुण वैयक्तिक: वही, छोटी कामं, तोंडी परीक्षा. उरलेले ५० प्रकल्पाचे. समजा गटाच्या प्रकल्पाला ४० मिळाले. आता प्रत्येक जण बाकीच्या तिघांत मिळून ३० गुण वाटतो आणि कारण लिहितो. सगळ्यांनी सारखं काम केलं असेल तर प्रत्येकाकडे एकूण ३०च जमतात, आणि प्रत्येकाला ४०. एखादीकडे ३३ जमले, तर ३३ भागिले ३०, म्हणजे १.१ पट: तिला ४४. एखाद्याकडे २४च जमले, तर ०.८ पट: त्याला ३२. राबणारीला आणि न राबणाऱ्याला सारखेच गुण मिळत नाहीत.

ही पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मित्र मित्राला सांभाळून घेतात. त्याहून वाईट म्हणजे फर्डं इंग्रजी बोलून सादरीकरण करणाऱ्याला जास्त गुण पडतात, आणि गावातून आलेल्या, तीन दुपारी स्थानकावर बसून वीस माणसांशी बोललेल्या मुलाला कमी. अहवाल लिहिणं आणि नोंदी ठेवणं न विचारता मुलींकडे जातं, प्रोग्राम लिहिणं मुलांकडे. मी हे वर्षानुवर्षं पाहते आहे आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. म्हणूनच कामांची अदलाबदल सक्तीची आहे. म्हणूनच सहविद्यार्थ्यांनी दिलेले गुण मी वही आणि बदलांच्या इतिहासाशी ताडून पाहते आणि फार वरखाली दिसले तर त्या गटाला समोर बसवून बोलते. हे सहविद्यार्थ्यांचं मूल्यांकन शेवटच्या आठवड्यात एकदाच ठेवू नये. ते सातव्या आठवड्यात एकदा व्हायला हवं, गुण न धरता, म्हणजे सुधारायला वेळ उरतो. बरेच गट त्या एका दुपारीच सावरतात.

'आमच्याकडे रेंज नाही, लॅपटॉप नाही'

याला मी आक्षेप मानत नाही. ही रचनेची अट आहे. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाला तासभराचा व्हिडिओ कॉल आणि वर व्हिडिओ पाहायला लावणं अन्याय आहे. १० मिनिटांचं नुसत्या आवाजाचं रेकॉर्डिंग ५ एमबीत बसतं. म्हणून प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा आणि टिपण छापता येईल असं, हे दोन्ही आम्ही देतो. ते कॉलेजच्या वाय-फायवर शुक्रवारी उतरवून घेता येतं. बुधवारचा तास बुडाला तर कामाच्या दोन ओळी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्या तरी चालतात.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. पहिले आठ आठवडे तो लागतच नाही. कागद, पेन आणि फोनचा कॅमेरा पुरतो. पुढे लागतो तेव्हा तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळायला हवा, संध्याकाळीसुद्धा. कॉलेज अर्धा कोर्स ऑनलाइन करणार असेल आणि प्रयोगशाळा पाच वाजता बंद करणार असेल, तर त्या कोर्सचा भार मुलांच्या खिशावर टाकला जातो आहे. पालकांनी हे विचारलंच पाहिजे.

'मुलं घरी, मग फी पूर्ण का? शिक्षकाला तर आराम!'

फीचं उत्तर मी देऊ शकत नाही, ते कॉलेजच्या व्यवस्थापनाने द्यावं. शिक्षकाच्या कामाबद्दल सांगू शकते. सहा मिनिटांचा एक तुकडा लिहून, बोलून, पुन्हा बोलून, चित्रं जोडून तयार करायला मला अर्धा दिवस लागतो. आठवड्याला ६० विद्यार्थ्यांच्या दोन-दोन ओळी वाचायच्या, १५ गटांचे फलक बघायचे, शुक्रवारी साडेतीन तास उभं राहायचं. पाठ केलेलं व्याख्यान देणं याच्या तुलनेत फार सोपं होतं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना यातल्या बऱ्याच तासांचे पैसे मिळत नाहीत, आणि हायब्रिडच्या चर्चेत हे कुणी बोलत नाही.

'आता एआय सगळं करून देतं, मग हे शिकून काय?'

पडदा काढून देतं, खरं आहे, आणि पुष्कळदा छानही देतं. आम्ही ते वापरूही देतो, कुठे वापरलं ते वहीत लिहायच्या अटीवर. पण 'लोक फलक वाचतात आणि तरीही विचारतात' हे वाक्य त्याने दिलं नसतं, कारण ते त्या बाकावर बसलं नव्हतं. तोंडी परीक्षेत मी पडद्याबद्दल फार विचारत नाही. विचारते, 'कोण अडलं? कुठे? तू तेव्हा काय बदललंस?' जो स्थानकावर गेला नाही त्याला या तीन प्रश्नांना उत्तर नसतं.

कॉलेजला काय विचाराल?

तुमच्या घरी असं वेळापत्रक आलं असेल, तर विभागप्रमुखांना भेटा. ऑनलाइन तासाला नेमकं काय होतं आणि ते वर्गात का नको, हे विचारा. गटात किती जण आहेत, कामं बदलतात का, गटाच्या गुणांतून एकेकाचे गुण कसे काढतात आणि ते मुलांना पहिल्या आठवड्यात लेखी दिलं आहे का, हे विचारा. ज्याच्याकडे नेट नाही त्याने काय करायचं, प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते, हेही विचारा. आणि एखाद्या शुक्रवारी स्टुडिओत येऊन बसता येईल का ते पाहा. माझ्याकडे आलेल्या त्या वडिलांना आम्ही चाचणीसाठी प्रवासी म्हणून बसवलं. ते तिसऱ्या कागदावर अडले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मला परत मागे जायचंय, कुठून जाऊ?" त्यांची मुलगी मागे उभी राहून लिहून घेत होती.